थिबाचा राजवाडा

सहलीस निघालेल्या मनुष्याने विचार करू नये, आणि ज्याला विचार करावयाचा असेल त्याने, निदान मुलांना बरोबर घेऊन, सहलीस निघू नये, असे माझे अनेक वर्षांचे मत होते. गेल्या वैशाखात ते एक दिवस बाजूला ठेवावे लागले.

सुट्टीत आम्ही पावसला वडिलांच्या घरी उतरलो होतो. परगावचे लोक पावसला येतात ते बहुधा स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या दर्शनास. आम्ही तेथलेच, म्हणून आमच्या मुलांना हौस रत्नागिरीची. एके सकाळी डबे, मुले आणि आग्रहाने बरोबर घेतलेली माझी आई, असा सारा संसार मोटारीत घालून निघालो. गोळप मागे पडले, भाट्याच्या खाडीवरील पूल आला. (पूल नव्हता तेव्हा येथे तरीची वाट पाहत बसावे लागे, हे आईने सवयीप्रमाणे सांगितले आणि मुलांनी सवयीप्रमाणे ऐकले नाही.) टिळकांचे जन्मस्थान आणि रत्नदुर्गावरील भगवतीचे देऊळ पाहून दुपारी थिबाच्या राजवाड्यात शिरलो.

थिबा हा ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याला मंडाले येथे पदच्युत केले, प्रथम मद्रासेस नेले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. सरकारने नेमून दिलेल्या बंगल्यांतून वीसांहून अधिक वर्षे काढल्यावर, १९१० मध्ये हा वाडा त्याच्यासाठी बांधून पुरा झाला. तांबडा तिमजली वाडा, अर्धवर्तुळाकार खिडक्या, कोरीव लाकूडकाम, आणि टेकडीखाली खाडी व समुद्र यांचा असा देखावा की पाहणाराने क्षणभर सर्व विसरावे. जवळच्या एका जागेला आता ‘थिबा पॉइंट’ म्हणतात. लोक तेथे सूर्यास्त पाहावयास जातात. बंदिवानाचे नाव देखाव्याला देण्यात काही विसंगती आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. माझ्याही आले नव्हते.

माझी धाकटी भाची जिन्यात थांबून म्हणाली, “मामा, तो कैदी होता ना? मग ह्याला राजवाडा का म्हणायचं?”

राजा राहिला म्हणून राजवाडा, असे मी अध्यापकी उत्तर दिले. तिचे समाधान झाले नाही. खरे सांगावयाचे तर माझेही नाही. घर दिले, तनखा दिला, चाकर दिले. मग त्याला आणखी काय हवे होते, असे एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याला प्रामाणिकपणे वाटलेही असेल. आणि हाच या गोष्टीतला बिकट भाग आहे. दुष्ट जेलराला ओळखणे सोपे असते. जो जेलर खिडक्यांची तोंडे समुद्राकडे करून देतो, त्याला काय म्हणावयाचे?

थिबाविषयी भाबडी करुणा बाळगण्याचे कारण नाही. तो गादीवर आल्यावर, १८७९ मध्ये, मंडालेच्या राजवाड्यात राजकुलातील कित्येक स्त्रीपुरुषांची कत्तल झाली. ती त्याच्या हुकुमाने झाली की सासूच्या कारस्थानाने, याविषयी वाद असला तरी राजा म्हणून तो हात झटकू शकत नाही. तेव्हा ‘केले तसे भोगले’ असे म्हणून पुढच्या दालनात जाता आले असते. परंतु इंग्रजांनी युद्ध केले ते त्या मृतांच्या न्यायासाठी नव्हे. बॉम्बे बर्मा कंपनीला सागवानाच्या व्यवहारात झालेला दंड आणि ब्रह्मदेशात फ्रेंचांचा शिरकाव होण्याची भीती, ही कारणे जवळची होती. ज्या अपराधासाठी शिक्षा दिलीच नाही, त्या अपराधाने त्या शिक्षेचे समर्थन कसे व्हावे? शिवाय त्या मोहिमेत हिंदी पलटणीही होत्या. आपण केवळ पीडितांच्या बाकावर बसतो, ते पुरते खरे नाही.

आणि मग तो योगायोग. टिळक रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मले. १९०८ ते १९१४ ही वर्षे त्यांनी मंडालेच्या तुरुंगात काढली. त्याच वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान होता. मराठी मनाला मंडाले हा शब्द अजूनही बोचतो. थिबाला ते नाव उच्चारताना घर आठवत असेल. आम्हाला ज्या रत्नागिरीची ओढ, तिच्याकडे तो कोणत्या नजरेने पाहत असेल? म्हणजे बंदिवास काही गावात किंवा भिंतीत नसतो. १९१६ च्या डिसेंबरात थिबा येथेच वारला. मृतदेह तरी मायदेशी न्यावा ही राणीची इच्छाही सरकारने मानली नाही. १९१९ मध्ये ती परत गेली आणि राजाची समाधी येथेच राहिली. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन त्या समाधीस येऊन गेले. परंतु मला सर्वांत विचारात पाडले ते थोरल्या राजकन्येने. ती ब्रह्मदेशास गेली आणि पुन्हा रत्नागिरीस आली. तिचे प्रेमाचे माणूस येथले होते. पुढे तिने दारिद्र्यात दिवस काढले, येथेच देह ठेवला. पण तिला कोणी कैदी म्हणत नाही. गाव तेच, समुद्र तोच.

हे सर्व मी भाचीला सांगत होतो. आई पायरीवर बसून ऐकत होती. तिने एवढेच विचारले, “त्याला कोणी विचारलंन नाही काय रे, कुठे राहायचंय ते?”

“राजकैद्याला कोण विचारतो, आई!” मी हसून म्हणालो. ती हसली नाही.

वडील गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षे, आई पुण्यास आमच्याकडे आहे. तिची खोली घरातली सर्वांत चांगली. उजेड आहे, डॉक्टर खालच्याच मजल्यावर. पावसचे घर अकरा महिने बंद असते. संध्याकाळी ती गॅलरीत पश्चिमेकडे तोंड करून उभी असते, आणि तिला वारा आवडतो असे आम्ही पाहुण्यांना सांगत आलो. सोमवारी परत निघावयाचे होते. तिची बॅग सूनबाईने आदल्याच दिवशी भरून ठेवली होती.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी ओटीवर तिच्याजवळ बसलो. “सोमवारी पुण्याला यायचंय ना तुला?”

“विचारतोस की सांगतोस?”

विचारतो आहे, असे म्हणावयास मला जरा वेळ लागला. तिने तेव्हा उत्तर दिले नाही. रविवारी सकाळी पाहतो तो बॅगेतली लुगडी पुन्हा फडताळात गेलेली.

पत्नीचे म्हणणे, हा माझा भावनेच्या भरातला अविचार आहे. आईचे वय ब्याऐंशी, गुडघे धरलेले, पावसाळ्यात वीज जाते, आणि रात्री-अपरात्री काही झाले तर रत्नागिरी गाठावी लागेल. यातला एकही मुद्दा मला खोडता आलेला नाही. औषधांची यादी शेजारी देऊन, सोबतीला एक बाई ठेवून आम्ही निघालो. आता रोज रात्री नऊ वाजता मी फोन करतो. चार-पाच वेळा वाजूनही तो उचलला गेला नाही, की हातातले पुस्तक मिटून मी खोलीत येरझाऱ्या घालू लागतो.