देवाजवळ मागावं तरी काय?



दत्तजयंतीच्या आधी आमच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह असतो. बँकेत असताना पहाटे साडेतीनला उठून वाचायचो आणि दहाच्या आत काउंटरवर हजर. आता निवृत्तीनंतर वेळेची ओढाताण नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या वाचनात विसावा आणि एकविसावा अध्याय आला की माझा आवाज अडकतो. हिला ते माहीत आहे. ती मुकाट्यानं पाण्याचं भांडं पुढं सरकवते.

कथा वाचकांना पाठच असेल. शिरोळची माउली. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली, वाडीपासून हाकेच्या अंतरावरची. तिची मुलं जगत नाहीत, कारण गेल्या जन्मीचं कुणाचं तरी शंभराचं कर्ज बुडवलेलं. ते निवारण होऊन पुढं मुलं झाली, तर त्यातलं एक आजारात गेलं. ती प्रेत कुणाला देईना. घेऊन थेट औदुंबरातळी पादुकांपाशी आली. आणि गुरुकृपेनं पोर उठून बसलं. उठल्या उठल्या म्हणालं काय, तर भूक लागली, खायला दे.

लहानपणी मला हे साधं वाटायचं. आता वाटतं, मूल परत आलं याची यापेक्षा मोठी खूण कोणती असणार?

आता दुसरी एक हकिगत सांगतो, ही आपल्या काळातली आहे. 2017 सालचा सप्टेंबर महिना. नवी मुंबईची साडेतीन वर्षांची एक मुलगी. हृदयाचे स्नायू फुगून दुबळे झालेले, हृदय बदलण्यावाचून इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. वर्षाच्या वर वाट पाहणं चाललं होतं. तिकडे सुरतेत चौदा महिन्यांचा एक मुलगा खेळता खेळता पडला, डोक्याला मार लागला, मेंदू मृत झाला. त्याच्या आईवडिलांनी होकार दिला. ते इवलंसं हृदय सुमारे तीनशे किलोमीटर अंतर दीड तासाच्या आसपास पार करून मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात आलं आणि डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूनं ते त्या मुलीला बसवलं. वेळेची एवढी घाई का, तर शरीराबाहेर काढलेलं हृदय चार तासांच्या आत बसवायचं असतं. त्याच बाळाची मूत्रपिंडं आणखी एका मुलाला मिळाली. पेपरात मी ही बातमी दोनदा वाचली, मग घडी घालून पोथीच्या कपाटात ठेवली.

शिरोळच्या आईचं बाळ परत आलं तेव्हा दुसऱ्या कुणाची कूस रिकामी झाली नाही. इथं झाली. माझं मन अडतं ते इथंच. ते वर्षभर त्या मुलीच्या आईनं देवापुढं हात जोडले असतील, तेव्हा मागितलं काय असेल? मोठ्या माणसाचं हृदय त्या छातीत मावत नाही. लहान मुलाचंच हवं. मग "माझ्या लेकीला हृदय मिळू दे" म्हणणं आणि "कुणाचं तरी लेकरू जाऊ दे" म्हणणं यात फरक कितीसा?

हे मी हिला विचारलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "अहो, पलंगाशी बसलेली आई असले शब्द तोलत बसते होय? ती फक्त देवाला हाक मारते."

खरं आहे, पण माझं समाधान झालं नाही. आयुष्य खतावणीत गेलं. एका बाजूला जमा दिसली की दुसऱ्या बाजूला नावे कुठं आहे ते शोधायची सवय काही जात नाही. पुष्कळ दिवस घोळवून मी एवढ्यापर्यंत आलो, की सुरतेचं बाळ पडलं ते मुंबईच्या प्रार्थनेनं नाही पडलं. ते पडणारच होतं. पडल्यावर, चार डॉक्टरांच्या मंडळानं सहा तासांच्या अंतरानं दोन वेळा तपासून मेंदू मृत ठरवल्यावर, त्या आईवडिलांच्या तोंडून हो निघतं की नाही, एवढीच जागा मोकळी होती. म्हणजे ती प्रार्थना कुणाच्या मरणाची नव्हती. मरण येऊन गेलेल्या घरातून होकार यावा, ही होती.

आणि असं म्हटलं की प्रश्न देवाकडून उठून आपल्या दारात येऊन बसतो.

माझ्या दारात तो येऊन गेला आहे. 2011 साली माझा पुतण्या, वय एकोणीस, हायवेवर मोटारसायकलवरून पडला. पुण्याला नेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं आणि एक बाई येऊन अवयवदानाबद्दल बोलल्या, अगदी हळू आवाजात. भाऊ भिंतीला टेकून बसलेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. घरात मी थोरला. मी म्हणालो, "नको. त्याला अखंड नेऊ द्या." पुढच्या जन्मी काही कमी पडेल, लोक काय म्हणतील, असलं काहीतरी डोक्यात होतं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही मला.

पुढं कधीतरी वाचलं. 3 डिसेंबर 1967 रोजी केप टाऊनला डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय बदललं. ज्या तरुणीचं हृदय घेतलं ती मोटार अपघातात गेलेली, तिची आईही त्याच अपघातात दगावलेली. बापाला विचारलं. त्यानं चार मिनिटं विचार केला आणि हो म्हणाला. तो रोगी अठरा दिवसच जगला. पण तिचं एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मुलाला दिलं गेलं, आणि तो मुलगा गोऱ्यांपैकी नव्हता, त्या देशात त्या काळी! बायको आणि लेक एका दिवशी गमावलेल्या माणसाला चार मिनिटं पुरली. मलाही वेळ कमीच लागला होता, फक्त उत्तर उलटं होतं. शिरोळच्या माउलीनंही प्रेत दिलं नव्हतं, असं मी कित्येक वर्षं मनाला सांगत आलो. पण ती पादुकांपाशी घेऊन गेली होती. मी पंचगंगेच्या घाटावर नेलं.

आपल्याकडं 1994 साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. अवयवाची किंमत घ्यायची नाही, द्यायची नाही, असं कायदा सांगतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हे उचंत खात्यासारखं आहे. रक्कम जमा झाली, फेडायची कुणाला ते लिहिलेलं नाही. शिरोळच्या बाईला शंभराचं कर्ज जन्मांतरी भोवलं. मग या पोरीच्या डोक्यावर केवढं कर्ज? मला वाटतं, काहीही नाही. कर्ज मागून घेतलेलं असतं. हे दिलेलं आहे. आपल्या देवाच्या नावाचा अर्थच मुळी 'दिलेला'. दिलेलं मूल अत्री-अनसूयेनं व्याजाचा हिशेब न मांडता अंगाखांद्यावर वाढवलं.

म्हणून अशा मुलाला येता-जाता "तुला कुणाचं हृदय आहे ठाऊक आहे ना?" असं विचारणाऱ्या मंडळींचा मला राग येतो. त्या मुलाला आधीच पुरेसं सांभाळायचं असतं. शरीर नव्या हृदयाला परकं समजून हल्ला करतं, ते दाबायला रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळ्या, जन्मभर. त्या गोळ्यांमुळं अंगातली प्रतिकारशक्ती कमी, म्हणून गर्दी, सर्दी-खोकल्याची माणसं, उघड्यावरचं खाणं यापासून जपायचं. पपनस खायचं नाही, त्यानं औषधाचं रक्तातलं प्रमाण बिघडतं. जिवंत जंतूंच्या लशी चालत नाहीत. आणि हृदय काढताना त्याच्या नसा तुटतात, त्यामुळं पळायला लागल्यावर ठोके लगेच वाढत नाहीत, जरा उशिरा वाढतात. मैदानावर आधी थोडं चालायचं, मग पळायचं. पळता मात्र येतं. शाळेत जाता येतं, डबा खाता येतो, मार्कांवरून बोलणी खाता येतात.

एक आपल्या देवळांसाठी सांगतो. असं मूल दर्शनाला आलं आणि आईनं कच्च्या दुधाच्या पंचामृताला नको म्हटलं, तर "देवाच्या तीर्थानं काही होत नाही" म्हणून आग्रह करू नये. दत्तजयंतीच्या गर्दीत न आणता आडवारी आणलं तरी महाराजांची ना नसावी. घरी उकळलेल्या दुधाचा नैवेद्य त्याला चालतो.

गेल्या वर्षी आम्ही दोघांनी अवयवदानाचे फॉर्म भरले. साठीनंतर आमची हृदयं कोण घेणार, पण डोळे तरी. थोरल्यानं सही करताना विचारलं, "बाबा, काकांना सांगितलंत?" नाही सांगितलं. भावाशी तो विषय मी आजवर काढलेला नाही. त्यानंही नाही.

या पौर्णिमेला तो येणार आहे. दरवर्षी आम्ही दोघं पहिल्या एसटीनं वाडीला जातो, संगमावर हातपाय धुतो, दर्शन घेतो, बासुंदी आणि कवठाची बर्फी बांधून घेतो आणि दुपारच्या आत परततो. फॉर्मची एक कोरी प्रत आणि ते सुरतेच्या बातमीचं कात्रण यंदा पिशवीत घालून ठेवलं आहे. दर्शनाच्या आधी काढावं की नंतर, हे अजून ठरलेलं नाही.