चालू झालं, पण कशानं?

नागपूरच्या सीताबर्डीवरच्या मोदी गल्ल्यांत कॉम्प्युटर दुरुस्तीची रीत ठरलेली आहे. ज्या भागाचा संशय येतो तो काढायचा, चांगला लावायचा, मशीन उठलं की बिल. या रीतीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दोष शोधत बसण्यापेक्षा बोर्ड बदलणं स्वस्त पडतं आणि गिऱ्हाईकाला दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं असतं. माझंही पोट त्याच रीतीवर चाललं. मनात खटकतं ते वेगळ्याच मशीनबद्दल. वडील गेल्यावर माळ्यावर जुना पीसी सापडतो, आत त्यांचं काही लिहिलेलं असेल म्हणून मुलगा तो उचलून आणतो आणि म्हणतो, ‘होते का पाहा ना भाऊ.’

अशा मशीनपुढे अज्ञानाची सबब चालत नाही. आयबीएमनं ऑगस्ट 1981 मध्ये पहिला पीसी बाजारात आणला आणि त्याचं टेक्निकल रेफरन्स पुस्तकही दिलं. सगळ्या सर्किटचे नकाशे त्यात आहेत, बायोसचा प्रोग्रामसुद्धा ओळीनं छापलेला आहे. आपल्याकडे आले ते बहुतेक क्लोन. त्यांचे नकाशे हाती लागतीलच असं नाही, पण घडण तीच. आठ बिटी स्लॉटच्या 62 पिनांपैकी कुठल्या पिनवर काय असतं हे आजही बसल्या जागी कळतं. नव्या लॅपटॉपमधलं मला कळत नाही, कारण कंपनीनं दार लावून घेतलंय. इथं दार सताड उघडं आहे. आत गेलो नाही तर तो माझा आळस.

सध्या टेबलावर असाच एक 286 पीसी आहे. आत सी-डॅकचं जिस्ट कार्ड, म्हणजे डॉसवरच्या साध्या प्रोग्राममध्ये देवनागरी दाखवणारं. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी सरकारी कचेऱ्यांत आणि छापखान्यांत अशी मशीनं असायची. मजकूर इस्की संकेतात साठलेला, 1991 च्या भारतीय मानकातला, त्यामुळे नुसती फाइल काढून दिली तर मुलाला चिन्हांचा गोंधळ दिसेल. ती युनिकोडमध्ये बदलून द्यावी लागेल. हे काम दुरुस्तीत धरायचं की नाही, तेही अजून ठरलेलं नाही.

बटण दाबलं की पंखा जरासा हलून थांबायचा. पॉवर सप्लायला पुढं शॉर्ट दिसला की तो स्वतःला बंद करून घेतो. एकेक कार्ड काढत गेलो आणि एका कार्डावर 12 व्होल्टच्या लाइनवरचा टँटलम कपॅसिटर शॉर्ट निघाला. या पिवळ्या, थेंबासारख्या कपॅसिटरांचा हा नेहमीचा रोग. मीटरनं दाखवला, काढला, दुसरा लावला. इथपर्यंत माझं मन स्वच्छ आहे. कारण सापडलं, ते हातात घेऊन दाखवता येतं.

पुढं पंखा फिरला, पण पडदा काळाच. पाच व्होल्टच्या लाइनवर मीटर 4.75 ते 5.25 च्या आत, पॉवर गुडची नारिंगी वायरही ठीक. बोर्डवरची निकेल-कॅडमियमची बॅटरी फुटलेली. तिच्यातून झिरपणारा क्षार तांब्याच्या रेघा खातो, म्हणून ती काढून आजूबाजूची जागा पुसली. मेमरीच्या चिप सॉकेटमध्ये अंगठ्यानं दाबल्या. कार्डांच्या पिनांवर खोडरबर फिरवला. हे सगळं एका दमात केलं आणि मशीन बोललं. मेमरी मोजू लागलं. मुलाला व्हिडिओ पाठवला, त्याचा लगेच हात जोडल्याचा निरोप आला.

आता मला सांगता यायला हवं की यातल्या कशानं चालू झालं. सांगता येत नाही. चार उपाय एकत्र केले की रोगाची ओळख पुसली जाते. एकेक करत गेलो असतो तर वेळ गेला असता, हे उत्तर मी स्वतःला देतो आणि ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मशीन उठण्याचा तो क्षण मला हवा असतो. नव्या मशीनपुढे मी बोर्ड बदलणारा, जुन्यापुढे वैद्य. जुन्या पीसीवरचं माझं प्रेम बरंचसं या मोठेपणावरचं आहे. आणि संशयही मला नेहमी जिथं माझा हात चालतो तिथंच येतो. पॉवर सप्लाय मी आधी उघडतो, कारण त्यात मी तरबेज आहे. फ्लॉपी ड्राइव्हच्या हेडची अलाइनमेंट शेवटी, कारण त्यात नाही. दोष काही माझ्या सोयीनं बसलेला नसतो.

खरी परीक्षा सोपी आहे. बदललेला भाग परत लावून पाहायचा, दोष परतला तर कारण कळलं. चालू झालेलं मशीन पुन्हा पाडायला कोण तयार होतो? फुटलेली बॅटरी परत लावायला मीही सांगणार नाही, तो मूर्खपणा होईल. पण चिपचं तसं नाही. तापून-थंड होऊन त्या सॉकेटमधून हळूहळू वर सरकतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो, त्यात कूलरच्या ओल्या हवेनं पिना काळवंडतात. दोष तिथं असेल तर तो गेलेला नाही, लपलेला आहे. मुलगा घरी नेईल, आठवड्यानं पडदा पुन्हा काळा होईल आणि मी म्हणेन, ‘जुनं आहे ना.’ हे वाक्य मला इतकं सहज येतं की त्याचीच भीती वाटते.

हार्डडिस्क फिरली तेव्हा सगळ्यात आधी तिची नक्कल काढली. हे मात्र मी न चुकता करतो, कारण जुन्या डिस्कचं हेड एकदा चिकटलं की पुन्हा सुटेलच असं नाही. नक्कल करताना फाइलींची नावं दिसली. त्यात काही पत्रं होती. युनिकोडमधला बदल बरोबर झालाय का हे पाहायला एखादी फाइल उघडावी लागेल, आणि एक उघडल्यावर दुसरी उघडणार नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. म्हणून ते काम मुलाला शेजारी बसवून करायचं.

बिल अजून केलेलं नाही. उद्या कूलर बंद ठेवून मशीन दुपारभर चालू ठेवतो, मग एकेक चिप थोडी वर उचलून पाहतो. दोष परतला तर मुलाला फोन करून सांगावं लागेल की अजून आठवडा लागेल. परतला नाही तर पावतीवर ‘कारण सापडले नाही’ असं लिहावं लागेल, आणि मग पैसे कशाचे, हा त्याचा प्रश्न ऐकून घ्यावा लागेल.