नाव नसलेला काटा

शास्त्रपाठ : निर्गम १६:१३-३५, २ करिंथ १२:७-१०



पंगतीत पुढ्यात आलेली पोळी परत करणे ही वरवर पाहता क्षुल्लक गोष्ट आहे. परंतु ज्याला ती दररोज परत करावी लागते आणि "का?" या प्रश्नाचे नेमके उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याला ती क्षुल्लक राहत नाही. मधुमेही मनुष्य गोड नको म्हणतो तेव्हा यजमान समजून घेतो, कारण त्या नकारामागे रोगाचे नाव उभे असते. "गहू खाल्ला की मला त्रास होतो, पण डॉक्टरांनी अजून निश्चित काही सांगितलेले नाही," असे म्हणणाऱ्याच्या मागे काहीच उभे नसते. यजमानीण प्रेमाने म्हणते, "एका पोळीने काय होणार आहे?" आणि खरे सांगायचे तर तोच प्रश्न त्याच्या स्वतःच्या मनातही असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. पोटफुगी, वरचेवर होणारे जुलाब आणि न सरणारा थकवा यांनी काही वर्षांपूर्वी मला ग्रासले. एका स्नेह्याच्या सांगण्यावरून मी गहू सोडला आणि महिन्याभरात बरे वाटू लागले. मग डॉक्टरांकडे गेलो. सर्व ऐकून ते हळहळले आणि म्हणाले, "तपासणीआधीच का सोडलात?" पुन्हा काही आठवडे रोज गहू खाऊन मग रक्त तपासावे, असे त्यांनी सुचवले. मी आरंभ केला. पण दहाव्या दिवशी अंथरूण धरले आणि तो प्रयत्न तेथेच सोडून दिला. तेव्हापासून माझे पथ्य आहे, पण माझ्या रोगाला नाव नाही.

त्यानंतरच्या नाताळात एका रात्री, घरातील सर्व निजल्यावर, मी फराळाचा डबा उघडला आणि उभ्याउभ्या चार करंज्या खाल्ल्या. "तुला काही झालेलेच नाही," असे माझ्या मनाने मला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी पोट बिघडले तेव्हा पत्नीला मी म्हणालो, "थंडी बाधली." करंजी खाणे हे पाप नव्हते, ते असत्य बोलणे मात्र पाप होते. ते कबूल करावयास मला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत जे शिकलो ते आज आपणापुढे ठेवतो.

प्रथम आजाराविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. मळलेल्या कणकेला जो चिवटपणा येतो तो त्याचाच. सिलिअ‍ॅक या विकारात ग्लूटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे आणि आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासून हा विकार ओळखतात. परंतु गहू सोडला की प्रतिपिंडे घटू लागतात, अस्तर भरून येऊ लागते, आणि मग तपासणी खोटे समाधान देते. डॉक्टर हळहळले ते यासाठीच. गहू हेच जेथे रोजचे अन्न आहे त्या उत्तर भारतात हा विकार दुर्मीळ नाही. दिल्ली परिसरातील, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे शंभरात एकाला तो आढळला. याखेरीज सिलिअ‍ॅक नसूनही गव्हाने त्रास होणारी माणसे असतात. काहींना तर ग्लूटेन नव्हे, गव्हातील काही कर्बोदके बाधतात. अशांसाठी रक्ताची एकही निर्णायक तपासणी अद्याप नाही. म्हणून ज्याला नाव मिळत नाही तो केवळ मनाचा खेळ, असे म्हणणे वैद्यकशास्त्राला धरून नाही.

कारण सापडण्यापूर्वीही दुखणे असतेच. 'सिलिअ‍ॅक' हा शब्द 'कोइलिया', म्हणजे पोट, या ग्रीक शब्दावरून आला आहे, आणि हा शब्द नव्या करारात अनेकदा भेटतो. कप्पदुकियाचा वैद्य अरेतेयस याने प्राचीन काळीच अशा पोटाच्या रोगाचे वर्णन करून ठेवले. परंतु गव्हाशी त्याचा संबंध स्पष्ट होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुले खंगत असता हे रुग्ण बालक मात्र सुधारले. पाव परत येताच ते पुन्हा ढासळले. १९५० साली डिके यांनी आपला निष्कर्ष प्रबंधात मांडला. त्याआधीच्या शतकांतील मुलांचे दुखणे काय खोटे होते?

आता पौलाकडे वळू. आपल्या देहातील ज्या पीडेविषयी तो करिंथकरांस लिहितो तिच्यासाठी त्याने 'स्कोलोप्स' हा ग्रीक शब्द योजला आहे. नव्या करारात तो एकदाच येतो. त्याचा अर्थ काटा, किंवा अणकुचीदार खुंट. हा काटा कोणता? गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायावरून कोणी तो नेत्ररोग मानतात, कोणी हिवताप म्हणतात, कोणी अपस्मार, तर कोणी विरोधकांचा छळ. भाषांतर करताना अशा ठिकाणी मोठा मोह होतो. एखादा स्पष्टीकरणाचा शब्द घातला तर वाचकाची सोय होईल, असे वाटते. परंतु आमच्या कामाची पहिली शिस्त ही, की मूळ संहितेत जे नाही ते भाषांतरात घालू नये. आणि दुसरी शिस्त ही, की अर्थ अस्पष्ट आहे म्हणून मूळ शब्द गाळूही नये. काटा हा काटाच ठेवावा लागतो.

वाचकहो, ही शिस्त मी तीस वर्षे मेजावर पाळली, पण स्वतःच्या देहाविषयी पाळली नाही. पाहुण्यांसमोर संकोच झाला की मी "मला सिलिअ‍ॅक आहे" असे ठोकून देत असे. म्हणजे संहितेत नसलेला शब्द घालत असे. करंजी समोर आली की "मला काहीच नाही" असे म्हणत असे. म्हणजे संहितेत असलेला शब्द गाळत असे. दोन्ही असत्येच. पौलाने काट्याला नाव दिले नाही, आणि काटा नाहीच असेही म्हटले नाही. त्याने तीनदा विनंती केली. त्याला निदान मिळाले नाही, काटाही निघाला नाही. कृपा पुरेशी आहे हे उत्तर मिळाले, आणि त्या उत्तरावर तो पुढे चालला.

दुसरा धडा अरण्यातला आहे. पहाटेचे दव उडून गेल्यावर भूमीवर खवल्यांसारखे जे दिसले ते पाहून इस्राएल लोकांनी एकमेकांना विचारले, 'मान हू?' म्हणजे 'हे काय आहे?' निर्गमाच्या लेखकाने मान्ना हे नाव त्या प्रश्नाशी जोडले आहे. चाळीस वर्षे त्यांनी जे अन्न खाल्ले त्याचे नावच मुळी एक प्रश्न होते! उत्तर मिळेपर्यंत ते उपाशी राहिले नाहीत. रोज सकाळी उठून त्या दिवसापुरते गोळा करीत राहिले. गणना ११ मध्ये मात्र त्यांना मिसर आठवले. काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण, सर्व काही आठवले. विटांचा चिखल तेवढा आठवला नाही. वासनेची स्मरणशक्ती अशीच निवडक असते. मलाही करंजीचा खुसखुशीतपणा आठवला. अंथरुणावरचे दिवस आठवले नाहीत. म्हणून मी आता आयुष्यभराच्या पथ्याचा निश्चय करीत नाही. आजच्या दिवसापुरता करतो. उद्याचा मान्ना आज साठवता येत नाही.

यावरून तीन गोष्टी नम्रपणे सुचवतो.

पहिली, सत्य शोधा. आपण अजून गहू सोडला नसेल तर तपासणी होईपर्यंत सोडू नका. सोडला असेल तर माझ्याप्रमाणे स्वस्थ न बसता डॉक्टरांशी पुन्हा बोला. गहू न खाताही करता येणारी एक आनुवंशिक तपासणी आहे. तिच्यात ठरावीक गुणघटक आढळले नाहीत तर सिलिअ‍ॅकची शक्यता जवळजवळ उरत नाही. आढळले तर मात्र त्यावरून रोग सिद्ध होत नाही, कारण अनेक निरोगी माणसांतही ते असतात. दानीएलाने अन्नाविषयी दहा दिवसांची मुदत मागितली आणि शेवटी इतरांनी आपली पारख करावी असे सांगितले. त्याचे कारण रोग नव्हते. पण त्याचा प्रामाणिकपणा आपण घ्यावा. "विश्वास आहे, मग तपासणी कशाला?" असे तो म्हणाला नाही.

दुसरी, सत्य बोला. योहान ९ मधील पूर्वी आंधळा असलेल्या मनुष्यावर परूशी प्रश्नांचा भडिमार करतात. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे तो म्हणतो, आणि जी एक गोष्ट ठाऊक आहे तिच्यावर ठाम राहतो. आपणही म्हणू शकतो, "मला काय झाले आहे हे मला ठाऊक नाही, पण गव्हाने त्रास होतो एवढे ठाऊक आहे." आणि पथ्य मोडले तर घरच्यांपासून लपवू नका. लपवलेली चूक पुढच्या चुकीला वाट करून देते.

तिसरी, गव्हाचा द्वेष करू नका. प्रभूने स्वतःच्या मरणाविषयी बोलताना गव्हाच्या दाण्याचा दृष्टान्त घेतला, आणि पाच हजारांना जेवू घातले त्या भाकरी जवाच्या होत्या. देवाने निर्माण केलेले अन्न अशुद्ध नाही, हे पौल तीमथ्याला बजावतो. आपले पथ्य हे पावित्र्य नव्हे. ते औषध आहे. पोळी खाणाऱ्याला आपण तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याचा त्याने न्याय करू नये. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दोघांसाठी लिहिला आहे.

आता ज्यांच्या घरात असा मनुष्य आहे त्यांना दोन शब्द. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ ही आपल्या आजीच्या चुलीवरची धान्ये देवाने आपल्याजवळच ठेवली आहेत. पण गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली तर गव्हाचे पीठ तिच्यात येतेच. डबीतल्या हिंगातही बहुधा मैदा मिसळलेला असतो. एवढी काळजी घेणे हीही प्रीतीच आहे. आणि मंडळीतील वडिलांना विनंती की, प्रभुभोजनाच्या वेळी एखादा सभासद भाकर न घेता मान खाली घालून बसला असेल तर त्याला अविश्वासी समजू नका. रोमन कॅथलिक मंडळीत अल्प ग्लूटेनची भाकर चालते, आणि तीही न सोसणाऱ्यास केवळ द्राक्षारस घेण्याची मुभा आहे. आपापल्या मंडळीच्या शिस्तीत काय करता येईल याचा विचार पाळकसाहेबांनी त्या सभासदाला भेटून करावा, आणि त्याच्याकडे वैद्यकीय दाखला मागण्याची घाई करू नये. एकमेकांसाठी थांबा, ही पौलाची सूचना याच मेजाविषयी आहे.

गेल्या नाताळात आमच्या घरी करंज्या झाल्या. पत्नीने माझ्यासाठी तांदळाच्या पिठाच्या वेगळ्या केल्या. काही तळताना फुटल्या. आम्ही दोघे हसलो आणि त्या फुटलेल्याच खाल्ल्या. काट्याला अजून नाव नाही. येत्या महिन्यात डॉक्टरांकडे पुन्हा जायचे आहे. जे नाव निघेल ते, किंवा कोणतेच निघाले नाही तरी, माझे नाव ज्याला ठाऊक आहे तो मला टाकणार नाही.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, ज्यांच्या दुखण्याला नाव नाही त्यांना तू नावाने ओळखतोस. आम्हांला सत्य शोधण्याचे धैर्य दे, न कळलेले कबूल करण्याची नम्रता दे, आणि आजच्या दिवसापुरते बळ दे. आमच्या मेजावर कोणी एकाकी बसू नये असे कर. तुझा पुत्र, जीवनाची भाकर, आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.