ढेकूण, रॉकेल आणि नीतिशास्त्र

पापपुण्याला रंग असता तर माणसाची केवढी सोय झाली असती! आपल्या सरकारने हा प्रयोग रॉकेलवर करून पाहिला होता. रेशनचे रॉकेल निळे, खुल्या बाजारातले पांढरे. तेल तेच, वासही तोच. फरक फक्त भावाचा आणि रंगाचा. यात हसण्यासारखे काही नाही. विलायतेत ट्रॅक्टरसाठी कमी कराचे डिझेल देतात, ते लाल असते. आयर्लंडात तेच हिरवे. ते रस्त्यावरच्या मोटारीच्या टाकीत सापडले तर मालकाचा चेहरा कुठल्या रंगाचा होत असेल, ते सांगायला नको.

याचे कारण साधे आहे. सवलत तेलाला नसते, कामाला असते. आता काम काही बाटलीत भरून तपासता येत नाही, म्हणून तेल रंगवायचे.

आमच्या गिरगाव-लालबागच्या चाळींनी या निळ्या तेलासाठी किती रांगा लावल्या, त्याचा हिशेब चित्रगुप्ताकडेच असेल. रांगेत डबे उभे असत आणि माणसे बाजूला गप्पा मारत. डबा पुढे सरकवण्याचे काम ज्याचे असे, तो त्या दिवसापुरता चाळीचा पुढारी. १९९३च्या केंद्र सरकारच्या आदेशाने स्पष्टच सांगितले, की हे रॉकेल फक्त स्वयंपाकाला आणि दिवाबत्तीला वापरायचे. आता तुम्हीच सांगा, चाळीत रॉकेलचा सर्वांत लोकोपयोगी वापर कोणता? ढेकूण! खाटेच्या सांध्यांत रॉकेल सोडल्याशिवाय कित्येक घरांत रविवार साजरा होत नसे. आदेशाप्रमाणे हा सरळ गुन्हा. कारण ढेकूण मारणे स्वयंपाकात मोडत नाही, आणि दिवाबत्तीत तर नाहीच नाही.

इथपर्यंत गंमत. पण हेच निळे तेल टँकरने डिझेलमध्ये जात होते, आणि तिथे गंमत संपते. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी ही भेसळ पाहिली आणि ते तिथे थांबले. त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. गरिबाची चूल पेटावी म्हणून स्वस्त केलेले तेल त्या दिवशी कशासाठी पेटले, हे आठवले की घशाखाली घास उतरत नाही.

मग प्रश्न पडतो. नियम तर दोघांनीही मोडला, ढेकूणवाल्याने आणि टँकरवाल्यानेही. एकाला आपण हसतो, दुसऱ्याची चीड येते. का? एकाचे तेल चमचाभर आणि दुसऱ्याचे टँकरभर म्हणून? पण चोरी लहान असली म्हणून तिचे पुण्य होत नाही. मला वाटते, विचारायचा प्रश्न एकच: यामुळे स्टोव्ह कोणाचा विझला? ढेकूणवाल्याने स्वतःच्या वाट्यातले तेल ओतले. महिनाअखेरीला त्याच्याच घरचा चहा अडला. टँकरवाल्याने विझवला तो दुसऱ्याचा स्टोव्ह. रेशनच्या दुकानावर ‘रॉकेल संपले’ अशी पाटी लागे, तेव्हा विझलेल्या स्टोव्हवाल्या बाईला आपला चोर कोण ते कळतसुद्धा नसे.

पण ही कसोटी जरा आपल्या शेजारी लावून बघा. घरात गॅस आला, तरी कार्डावरचे रॉकेल उचलून कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला देणारे सज्जन होतेच की! ‘माझ्या कार्डावरचे तेल, माझी मर्जी,’ असे त्यांचे म्हणणे. पण वाटा गरजेपुरता असतो. गरज संपली की तो रांगेतल्या पुढच्या डब्याचा होतो. म्हणजे हे सज्जन टँकरवाल्याचेच धाकटे भाऊ.

आणि गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका? कार्डावर नावे पाच आणि ताटावर गिरणी कामगार पंधरा! हा घरचा स्वयंपाक की धंदा? १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. कागदाच्या हिशेबाने यातल्या कितीतरी जणी नियमात बसल्या नसत्या. पण त्यांच्यामुळे स्टोव्ह कोणाचा विझला? उलट गावाकडे चूल ठेवून आलेल्या माणसाला मुंबईत गरम भाकरी मिळाली.

पुढे सरकार रंगाला कंटाळले. २०१५पासून गॅसची सवलत बँकेच्या खात्यात जाऊ लागली. कोळी बांधवांच्या यांत्रिक नौकांच्या डिझेलवरचा करही आधी भरायचा आणि मग परत मिळण्याची वाट पाहायची, अशी रीत आहे. २०२०पर्यंत रेशनच्या रॉकेलवरचे अनुदान संपले. रंग मात्र सिलिंडरवर उरला: घरचा लाल, धंद्याचा निळा, घरच्या गॅसला जीएसटी ५ टक्के, धंद्याच्या गॅसला १८. काल गरिबाचा असलेला निळा रंग आज हॉटेलवाल्याचा झाला!

आता गणपतीत शेजारच्या काकू घरच्या लाल सिलिंडरवर शंभर मोदक ऑर्डरचे करतात आणि अकरा आम्हाला देतात. यातले घरगुती किती आणि व्यापारी किती, हे त्यांना एकदा विचारायचे आहे. पण मोदक खाऊन झाल्यावर. तोंड भरलेले असताना नीतिशास्त्र नीट बोलता येत नाही.