सब्र कोणी करावा, हिशेब कोणी द्यावा?

३० ऑगस्ट २०२० हा रविवार होता आणि हिजरी १४४२ च्या मुहर्रमची ती दहावी तारीख होती. हजरत मूसा (अलै.) आणि त्यांचे लोक ज्या दिवशी समुद्र पार करून सुखरूप सुटले, त्या दिवसाची कृतज्ञता म्हणून आपण आशुराचा रोजा ठेवतो. त्या आशुराला वैनगंगेचे पाणी भंडारा शहराच्या सखल वस्त्यांमध्ये शिरले होते. कोणी गच्चीवर होते, कोणी नातलगांकडे, तर कोणी शाळांच्या खोल्यांमध्ये. करोनामुळे मशिदी सामुदायिक नमाजसाठी बंद होत्या. म्हणून सायंकाळी एका शाळेच्या व्हरांड्यात, तोंडाला रुमाल बांधून, मी जमलेल्या लोकांशी चार शब्द बोललो. त्यात मुसलमान होते, तसेच शेजारपाजारचे हिंदू आणि बौद्ध बांधवही होते.

मी सब्रवर बोललो. सूरह अल-हदीदच्या २२ व्या आणि २३ व्या आयतींचा आशय सांगितला. पृथ्वीवर किंवा माणसाच्या जिवावर येणारी प्रत्येक आपत्ती ती येण्यापूर्वीच अल्लाहपाशी नोंदलेली असते, म्हणून गेलेल्याचा शोक अनावर होऊ देऊ नये. बोलणे संपले तेव्हा भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "वरून पडलेला पानी असता त सहन केला असता बाबू. हा त सोडलेला पानी आहे. ज्यानं सोडला, त्याले का सांगशील?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. रोजा सोडण्याची वेळ झाली होती, त्या सबबीने मी उठलो. मदरशात अकीद्याचे धडे घेताना तकदीरवर मी पानेच्या पाने पाठ केली होती, पण या प्रश्नाला तोंड देताना त्यांतले काहीही आठवले नाही. वाचकहो, हा लेख त्या उत्तराच्या शोधात लिहिला आहे.

प्रथम म्हातारीचे म्हणणे तपासून पाहू, कारण रागाच्या भरात अन्याय करण्याची मुभा इस्लाम पीडितालाही देत नाही. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिथेच भीमगड येथे तिच्यावर संजय सरोवर हे धरण आहे. भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला, आंभोऱ्याजवळ तिला कन्हान येऊन मिळते. ती कन्हान पेंचचे पाणी घेऊन आलेली असते आणि पेंचवर तोतलाडोहचे धरण आहे. त्याही खाली, पवनी तालुक्यात, ३३ दरवाजांचा गोसीखुर्द प्रकल्प आहे. ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशात फार मोठा पाऊस झाला, वरची धरणे भरली आणि पाणी सोडावे लागले. ते सोडले नसते तर धरणांनाच धोका होता, हे कोणीही मान्य करील. गोसीखुर्दचे सर्व दरवाजे उघडूनही पाणी ओसरायला दिवस लागले. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली हे पाचही जिल्हे त्या पुराने झोडपले गेले.

म्हणजे म्हातारी अर्धीच बरोबर होती. पाऊस कोणा माणसाने पाडला नाही. मात्र सिवनीत सोडलेले पाणी कारध्याच्या पुलापर्यंत पोहोचायला तास लागतात. ते तास माणसांच्या हाती होते. वरच्या राज्याने खालच्या राज्याला कळवायचे, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने गावाला आणि गावाने नदीकाठच्या शेवटच्या घराला. दोन राज्यांमध्ये समन्वय होता का, हा प्रश्न त्या दिवसांत सगळीकडे विचारला गेला. मला तांत्रिक निवाडा करायचा नाही, तो माझा अधिकारही नाही. मात्र हे तास म्हणजे एक अमानत होती, एवढे मी निश्चित म्हणेन. शेवटच्या घरी निरोप पोहोचला नाही तर त्या अमानतीत कुठे तरी खयानत झाली. तिचे खापर तकदीरवर फोडणे हा अल्लाहविषयीचाही अविनय आहे.

तकदीरची सबब पुढे करणाऱ्यांसाठी हजरत उमर (रजि.) यांच्या जीवनातला एक प्रसंग पुरेसा आहे. ते शामच्या प्रवासात सर्ग या ठिकाणी पोहोचले, तेव्हा पुढे प्लेग पसरल्याची वार्ता आली. त्यांनी सल्लामसलत करून परत फिरण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांना ते रुचले नाही. हे अल्लाहने ठरवलेल्या तकदीरपासून पळणे नव्हे काय, असे त्यांनी विचारले. हजरत उमर यांनी उत्तर दिले की, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. त्यांनी दृष्टांत दिला तो गुराख्याचा. खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल आणि गुराखी उंटांना हिरव्या बाजूला घेऊन गेला, तर तेही तकदीरच. उजाड बाजूला नेले, तर तेही तकदीरच. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. त्यातला बारकावा माझ्या लक्षात फार उशिरा आला. उंट कुठे चरायचे हे ठरवत नाहीत, गुराखी ठरवतो. दोन्ही बाजूंना तकदीर आहे, म्हणून निवड करण्याचे ओझे गुराख्याच्या खांद्यावरून उतरत नाही.

सूरह अल-हदीदची ती आयत ज्याचे घर बुडाले त्याला धीर देते. ज्याने दरवाजा उघडला किंवा ज्याने निरोप दिला नाही, त्याला माफीनामा देत नाही. त्याच्यासाठी सूरह अश-शूराची ३० वी आयत आहे. तुमच्यावर जे संकट येते ते तुमच्याच हातांच्या कमाईमुळे येते, असा तिचा आशय. त्या संध्याकाळी मी पहिली आयत सांगितली आणि दुसरी सांगितली नाही. औषध खरे होते, पण मी ते चुकीच्या रोग्याला दिले. किंवा असे म्हणू की एकाच रोग्याला दिले.

आता गुराख्याचा शब्द निघालाच आहे, तर मराठीचा विद्यार्थी म्हणून थोडे विषयांतर करतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली प्रसिद्ध हदीस आपण सर्वांनी ऐकलेली असते. तुमच्यातला प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, आणि सुरुवात शासकापासून केली. या हदीसमध्ये राखणदारासाठी 'राई' आणि त्याच्या कळपासाठी 'रईय्यत' हे शब्द आहेत. हाच 'रईय्यत' मराठीत 'रयत' होऊन आला आणि शिवकालीन कागदपत्रांत जागोजागी दिसतो. आपण रयत म्हणजे प्रजा असे समजतो. मुळात तो शब्द प्रजेचे वर्णन करीत नाही, तो राखणदाराचे कर्तव्य सांगतो. ज्याची राखण करायची ती रयत. 'हिशेब' आणि 'हक्क' हे शब्दही अरबीतूनच आले, आणि 'मदत'ही तिथूनच आली.

या शेवटच्या दोन शब्दांपाशी थांबावे लागेल. पुरानंतर शासन जे देते ते हक्क की मदत? आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ मध्ये मदतीचे किमान निकष ठरवण्याची तरतूद आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे केंद्राचे जे निकष २०२० मध्ये लागू होते, त्यांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ६,८०० रुपये, बागायतीला १३,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत आणि नुकसान किमान ३३ टक्के असेल तरच. मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपये. राज्ये प्रसंगी यात भर घालतात. तरीही त्या मूळ दराने एका एकर धानाला पावणेतीन हजारांच्या आसपास रक्कम येत होती. रोवणीची मजुरी, खत आणि नांगरणी यांचा खर्च भंडाऱ्याच्या वाचकाला मी सांगायला नको. ही रक्कम भरपाई आहे असा दावा शासनही करीत नाही. ते साहाय्य आहे असेच म्हटले जाते.

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असावे अशी अट एका शासन निर्णयात आली, तेव्हा लोक संतापले. सव्वा दिवस बुडालेल्या घराची चूल अधिक कोरडी असते काय? अट कोणाला तरी कुठे तरी घालावीच लागते, हे मला समजते. सरकारी तिजोरी ही जनतेचीच अमानत आहे आणि खोट्या दाव्यांपासून ती राखणे हेही राखणदाराचेच काम. मात्र अट लिहिणाऱ्याने ती पाण्यात उभे राहून एकदा वाचून पाहावी. २०२० च्या पुराच्या काळात करोनाच्या भीतीची पर्वा न करता चिखल तुडवीत पंचनामे करणारे तलाठी आणि ग्रामसेवक मी पाहिले आहेत, बोटी घेऊन आलेले जवानही पाहिले आहेत. त्यांचा मोबदला अल्लाहपाशी आहे. दोष त्यांच्या कागदातल्या रकान्यांचा आहे. शेत ज्याच्या नावे, रक्कम त्याच्या नावे. आपल्याकडे कितीतरी लोक अधियाने शेती करतात. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नसते, धान मात्र त्यांचे सडते. ती म्हातारीही अधियाचीच शेती करीत होती. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचेही तसेच. भिंत मालकाची, पण भिजलेले तांदूळ भाडेकरूचे.

म्हणूनच मला वाटते की शासनाच्या जबाबदारीची पहिली पायरी पैसा नाही, मोजणी आहे. हिजरी १८ मध्ये अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. इतिहासात तो 'आमुर्रमादा', म्हणजे राखेचे वर्ष, या नावाने ओळखला जातो. लोकांना मिळत नाही तोवर हजरत उमर (रजि.) यांनी स्वतःला तूप वर्ज्य केले, मिसर आणि शामच्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून धान्याचे काफिले मागवले, जकातीची वसुली पुढे ढकलली. हे आपण प्रवचनांतून सांगतोच. इब्ने सअद यांनी आपल्या 'तबकात' या ग्रंथात नोंदवलेली एक गोष्ट मात्र आपण क्वचितच सांगतो. मदीनेत आश्रयाला आलेल्यांसाठी रात्री सामुदायिक भोजन असे. एका रात्री हजरत उमर यांनी जेवायला बसलेल्यांची मोजणी करायला सांगितले. ते सात हजार भरले. मग त्यांनी सांगितले की, जे येथे येऊ शकत नाहीत त्यांची मोजणी करा: कुटुंबातली माणसे, आजारी, मुले. ते चाळीस हजार निघाले.

या दोन संख्यांमधले अंतर पाहा. पंगतीत जे दिसतात त्यांना वाढणे सोपे आहे. शासनाची परीक्षा न दिसणाऱ्या चाळीस हजारांपाशी होते.

आजच्या काळात याचे उलटे उदाहरण जगातल्या सर्वांत धनाढ्य देशाने घालून दिले. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिको हे कॅरिबियन बेट उद्ध्वस्त केले. तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहताना त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी मत नाही. मृतांचा अधिकृत आकडा कित्येक महिने ६४ होता. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये तो २,९७५ असा मान्य करण्यात आला. हे सगळे वाऱ्याने वा पाण्याने मेले नव्हते. वीज महिनोन्महिने नव्हती, दवाखान्यापर्यंत रस्ता नव्हता, औषध नव्हते. वादळ निघून गेल्यानंतर माणसे मरत राहिली आणि ती कोणाच्याच यादीत आली नाहीत. आकडा ६४ राहिला तर शासनाचे काम बरे झाले असे म्हणता येते. न मोजलेल्या मृताचा जाब कोणी विचारत नाही. निदान या जगात तरी नाही.

येथवर शासनाविषयी लिहिणे सोपे गेले. पण हदीसमध्ये राखणदारांची यादी शासकापाशी संपत नाही, म्हणून आपल्याकडेही वळले पाहिजे. पूर ओसरल्यावर आम्ही काही तरुणांनी वर्गणी काढली आणि तांदूळ, डाळ, तेल, सतरंज्या वाटल्या. यादी मीच केली होती. ज्यांना ओळखत होतो, जे जुम्याला पहिल्या-दुसऱ्या रांगेत दिसत, जे येऊन मागत, त्यांची नावे लिहिली. वस्तीच्या मागच्या बाजूला बाहेरगावाहून कामासाठी आलेली काही कुटुंबे भाड्याने राहत होती. त्यांच्याकडे कोणी गेलेच नाही. दोन आठवड्यांनी त्यांतला एक माणूस दुकानात भेटला. तक्रार न करता त्याने एवढेच सांगितले की, आम्ही वाट पाहिली. सरकारच्या रकान्यांवर मी आताच टीका केली. माझ्या वहीचे रकाने त्याहून अरुंद होते, आणि ते आखताना माझ्यावर कोणत्याही निकषाची सक्ती नव्हती.

१६ नोव्हेंबर २०२० ला मशिदी पुन्हा उघडल्या. पहिल्या काही जुम्यांपैकी एका खुत्ब्यात मी अल-हदीद आणि अश-शूरा या दोन्ही आयती एकत्र सांगितल्या आणि ऑगस्टमध्ये माझे काय चुकले तेही सांगितले. एका बुजुर्गांना ते आवडले नाही. इमामाने मिंबरवर स्वतःची चूक सांगू नये, लोकांचा विश्वास ढळतो, असे त्यांचे मत पडले. कदाचित त्यांचे खरेही असेल.

तेव्हापासून दरवर्षी मृगाच्या आधी आम्ही एक वही करतो. नदीकडच्या उताराची घरे, त्यांत स्वतःहून चालू न शकणारे कोण, गरोदर कोण, कोणाला रोजचे औषध लागते, भाडेकरू कोण, अधियाचे शेत कोणाचे. नावे सर्व धर्मांची आहेत. एक प्रत आमच्याकडे असते. दुसरी आम्ही तलाठ्याकडे देतो आणि पोच घेतो. पहिल्या वर्षी पोच मिळायला तीन खेपा माराव्या लागल्या, कारण अशा कागदासाठी नोंदवहीत रकाना नव्हता. त्या म्हातारीचे घर वहीत सातव्या क्रमांकावर आहे. नाव लिहायला गेलो तेव्हा तिने मला ओळखले नाही. पाणी सुटल्यावर सांगायला रात्री कोण येणार, एवढेच विचारून घेतले.