केराचं पोतं

जयपूरच्या जौहरी बाजारात सोनाराच्या कारखान्यातला केर उकिरड्यावर जात नाही. संध्याकाळी काम उरकलं की कारागीर दाराशी ठेवलेल्या घमेल्यात हात धुतात आणि ते पाणीही सांडू देत नाहीत. पॉलिशच्या चिंध्या, झिजलेले घासकागद, जमिनीवरची झाडलोट, सगळं पोत्यात भरून ठेवलं जातं. पुढे कधीतरी ती पोती जाळतात, राख बारीक करतात, पाण्यात धुतात, मुशीत टाकणखार घालून वितळवतात, आणि त्या राखेतून सोनं निघतं. आपल्याकडे हे काम झारेकरी करत. आता त्यातलं बरंच गलाईवाल्यांकडे आलं आहे.

गलाईवाले म्हणजे आपलीच माणसं. सांगली जिल्ह्यातला खानापूर-आटपाडीचा पट्टा, साताऱ्याकडचं माण-खटाव. पावसाने वर्षानुवर्षं फसवलेल्या या गावांतली पोरं सराफ बाजार असेल त्या शहरात गेली आणि सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा त्यांनी देशभर नेला. दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत असते तेव्हा ती परत येतात. ही गोष्ट अशाच एका गलाईवाल्याची, त्याच्या लेकीची आणि एका सेठजींची आहे. ही माणसं आणि त्यांचा क्लब कल्पनेतले. पुण्याचं, ताश्कंदचं आणि प्रेस्टनचं जे पुढे येईल, ते मात्र घडलेलं.

अण्णांची भट्टी गोपालजीच्या रस्त्यालगतच्या एका गल्लीत. लेकीचा जन्म जयपूरचा, वय एकोणीस, क्लबाच्या महिला संघाची गोलरक्षक. अण्णांना फुटबॉलमधलं फार कळत नसे, पण तिची आई कोल्हापूरची. पेठांचे सामने बघत वाढलेल्या बाईला लेकीने चेंडू अडवण्यात वावगं काय आहे, हेच समजत नव्हतं. कोल्हापूर सिटीच्या मुली २०१९मध्ये भारतीय महिला लीगच्या मुख्य स्पर्धेत खेळल्या, तेव्हा तिने भट्टीतल्या पोरांना पेढे वाटले होते.

एका उन्हाळ्यात लेकीचा क्लब विकला गेला. जुना मालक बांधकामवाला, त्याचा पैसा अडकला. नवे मालक जौहरी बाजारातले एक सेठजी. राजस्थान युनायटेडने २०२२च्या ड्युरंड कपात कोलकात्याच्या मैदानावर मोहन बागानला ३-२ असं हरवलं, तो सामना त्यांनी गादीवर बसून मोबाइलवर पाहिला होता आणि तेव्हापासून आपलाही एक संघ असावा असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. माणूस सचोटीचा होता.

विक्रीच्या कागदाला एक यादी जोडलेली होती. पुरुषांचा संघ, लीगमधली जागा, नाव आणि चिन्ह, एक बस, दोन जोड गोलपोस्टच्या जाळ्या, भाड्याच्या मैदानाचा करार. महिला संघाचा त्यात उल्लेख नव्हता. बंद केला असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणाचा राग नव्हता, कुणी विरोधात बोललं नव्हतं. यादी करणाऱ्याला बावीस मुली आठवल्याच नव्हत्या.

मुलींना हे हळूहळू कळलं. आधी सरावाची वेळ संध्याकाळऐवजी दुपारी झाली. मेच्या दुपारी जयपूरचं मैदान तव्यासारखं असतं. मग बस बंद झाली. सेक्रेटरीला विचारलं तर तो म्हणे, "वरून निर्णय येऊ दे." वर कोण बसलं आहे, हे त्यालाही नीट माहीत नव्हतं.

सर्वात कठीण अवस्था होती अजमेरकडच्या एका गावातून आलेल्या मुलीची. अजमेर जिल्ह्यात महिला जन अधिकार समितीने खेड्यातल्या मुलींच्या पायात फुटबॉल दिला तो लहान वयातली लग्नं थांबावीत म्हणून. त्या वाऱ्यात ही पोर खेळायला लागली आणि डाव्या बगलेवरून वाऱ्यासारखी पळायला लागली. तिचे वडील वाईट नव्हते. त्यांचा शब्द एवढाच होता की क्लब आहे तोवर खेळ. क्लब संपला की घरी ये, सोयरीक थांबली आहे. तिच्यासाठी सेक्रेटरीचं "वरून निर्णय येऊ दे" म्हणजे लग्नाचा मुहूर्त होता. क्लबांच्या खरेदी-विक्रीच्या बातम्यांत ही बाजू कधी छापून येत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

एका संध्याकाळी मैदानाबाहेरच्या लिंबाखाली दीदींनी, म्हणजे त्यांच्या कोचने, सगळ्यांना बसवलं. दीदींनी खोटा धीर दिला नाही.

त्यांनी आधी पुण्याचं सांगितलं. एफसी पुणे सिटी २०१४मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर उभा राहिला. बालेवाडीचं मैदान, वाधवान समूहाचा पैसा, हृतिक रोशनचं नाव. २०१७मध्ये दिल्लीत पहिली भारतीय महिला लीग झाली, सहा संघांची. सुपर लीगमधल्या साऱ्या श्रीमंत क्लबांपैकी त्यात एकटा पुण्याचा होता. केवढी अभिमानाची गोष्ट! दोनच वर्षांनी, २०१९मध्ये, मालकांची आर्थिक घडी विस्कटली, क्लब मिटला आणि सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबाला मिळाली. पुरुषांची जागा होती म्हणून ती कुणाला तरी हवी होती. पुण्याचा महिला संघ कुणी पुढे नेला नाही.

मग ताश्कंदचं. ऑगस्ट २०२२मध्ये गोकुळम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी तिथे पोहोचल्या, आणि त्याच सुमारास जागतिक संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केलं. महासंघाचा कारभार कुणाच्या हाती असावा, हा वाद होता मोठ्या माणसांचा. निलंबन २६ तारखेला उठलं, पण तोवर मुलींची स्पर्धा हातची गेली होती. त्या एकही सामना न खेळता परतल्या.

"म्हणजे आपलंही तसंच," अजमेरची पोर म्हणाली.

"अजून एक राहिलंय," दीदी म्हणाल्या आणि त्यांनी प्रेस्टनचं सांगायला घेतलं. ते त्यांना इतकं पाठ होतं की जणू त्या स्वतः तिथे होत्या.

इंग्लंडमधलं प्रेस्टन. १९१७. पुरुष लढाईवर गेलेले, डिक, कर नावाच्या कारखान्यात बाया दारूगोळा बनवत होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या चेंडू खेळायला लागल्या आणि त्यांचा संघ झाला. त्या वर्षीच्या नाताळात जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी त्यांनी सामना खेळला, तर दहा हजार माणसं आली. २६ डिसेंबर १९२०ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्रेपन्न हजार लोक आत होते, आणि हजारो बाहेर राहिले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या महासंघाने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, सदस्य क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. ती बंदी १९७१पर्यंत टिकली. दरम्यान कारखान्याचेही मालक बदलले होते. नव्या कंपनीने संघावरचा हात काढून घेतला.

"मग?"

"मग १९२६मध्ये त्यांनी कारखान्याचं नाव सोडलं आणि गावाचं घेतलं. प्रेस्टन लेडीज. पोटासाठी काहीजणी इस्पितळात नोकरीला लागल्या. लिली पार, त्यांची सगळ्यात मोठी खेळाडू, परिचारिका होती. मिळेल त्या मैदानावर त्या खेळल्या. संघ १९६५पर्यंत चालला."

लेकीने बोटांवर हिशेब केला. कारखान्याची नऊ वर्षं. त्यानंतरची एकोणचाळीस.

रात्री भट्टीपाशी बसून तिने हे सगळं अण्णांना सांगितलं. अण्णा चिमट्याने भट्टीतून मूस काढत ऐकत होते. त्या आठवड्यात त्यांच्याकडे योगायोगाने सेठजींच्याच कारखान्याची पोती आली होती. ते म्हणाले, "उद्या माल पोचवायचाय. तू चल संगं."

गलाईच्या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. अशुद्ध सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात तिप्पट चांदी मिसळतात, मग नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकतात. चांदी विरघळते. तळाशी जे उरतं ते शुद्ध सोनं असतं, पण दिसतं तपकिरी गाळासारखं. ते वितळवल्याशिवाय चमकत नाही. अण्णांनी त्या रात्री शेवटचं वितळवणं केलं नाही. तो तपकिरी गाळ तसाच वाळवून पुडीत बांधला.

सेठजींनी गादीवर पुडी उघडली. त्यांनी बोटाने चाचपलं आणि लगेच ओळखलं. आयुष्य त्यातच गेलेलं. "भाऊ, हे वितळवायचं राहिलं."

"राहिलं न्हाई, ठेवलं," अण्णा म्हणाले. "सेठजी, पंचवीस वर्षं तुमचा केर गाळतोय. कारागिरानं हात धुतलेलं पाणीसुद्धा तुम्ही फेकत न्हाई. आन् क्लब घेताना बावीस पोरी झाडून टाकल्या. त्यात काय हाय ते बघितलंसुद्धा न्हाई."

सेठजी गप्प राहिले. मग त्यांनी कागद मागवले, यादी वाचली, पुन्हा वाचली. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, आणि ही चूक आपलीच, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "बिटिया, तुमचा संघ राहील," ते म्हणाले. "माझा शब्द आहे. सांभाळीन मी तुम्हाला."

अण्णांनी हात जोडले. लेकीने जोडले नाहीत. लहानपणापासून ती अण्णांना कधी उलट बोलली नव्हती, त्यामुळे तिचा आवाज सुरुवातीला कापत होता.

"अण्णा, आम्ही केर नाही. केरातलं सोनं मालकाचंच असतं, म्हणून तो ते जपतो. आम्ही कुणाचं सोनं नाही. आम्ही कारागीर आहोत." मग सेठजींकडे वळून, "तुम्ही कारागिराला सोनं देता तेव्हा वजन करून वहीत लिहिता ना? तो तीस वर्षांचा ओळखीचा असला तरी?"

"लिहावंच लागतं," सेठजी म्हणाले. "शब्द माझा. उद्या गादीवर मुलगा बसेल, त्याला काय ठाऊक?"

"मग आमचंही लिहा."

अण्णांना वाटलं, हातातोंडाशी आलेलं हिने घालवलं. माझ्या मते त्या खोलीत सगळ्यात जास्त धंदा कळलेली तीच होती.

तिने वहीचं पान काढलं. दीदींनी आणि मुलींनी मिळून लिहिलं होतं. महिला संघाचं नाव क्लबाच्या कागदात यावं. आठवड्यातून चार दिवस मैदान, ऊन उतरल्यावर. निदान तीन हंगामांची हमी, आणि क्लब पुन्हा विकला गेला तर ती नव्या मालकावरही बंधनकारक. बंद करायचा झाला तर हंगाम मध्ये तोडायचा नाही, प्रत्येकीला वेळेत एनओसी द्यायची, म्हणजे दुसरीकडे खेळता येईल. आणि पुरुषांच्या निम्मं तरी मानधन.

सेठजींनी वकिलाला विचारतो म्हटलं. आठ दिवस काहीच आलं नाही. त्या आठ दिवसांत मुली बसून राहिल्या नाहीत. दीदींनी एका शाळेचं पटांगण रविवारी सकाळी मिळवलं, आईने भट्टीवाल्या घरांतून वर्गणी जमवली, आणि संघाला शहराचं नाव द्यायचं की मोहल्ल्याचं, यावर दोन दिवस जोरात भांडणं झाली. कागद आला नसता तरी त्या खेळणारच होत्या.

नवव्या दिवशी कागद आला. मानधनाचं कलम खोडलेलं होतं. मैदान चारऐवजी तीन दिवस. बाकीचं तसंच, खाली सही आणि शिक्का. मानधनावरून दीदी आणि सेठजी यांची बोलणी अजून चालू आहेत, आणि ती सोपी नाहीत.

अजमेरच्या पोरीने त्या कागदाचा फोटो घरी पाठवला. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी फोन केला.

"काय लिहिलंय त्यात?"

तिने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

"ते सगळं नको. कधीपर्यंत, तेवढं सांग."

"तीन हंगाम. तीन वर्षं."

"सही कुणाची?"

"मालकाची. आणि खाली लिहिलंय, मालक बदलला तरी हेच राहील."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मागे बकऱ्यांचा आवाज येत होता.

"ठीक आहे," वडील म्हणाले. "मुलाकडच्यांना मी तीन वर्षं थांबायला सांगतो. नसतील थांबत तर बघतील दुसरीकडे."

तिने फोन ठेवला आणि बुटाच्या नाड्या बांधल्या. साडेपाच वाजले होते, ऊन उतरलं होतं.