उचल, बचत आणि तवक्कुल



दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ होतो आणि तो पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील उसाच्या फडाकडे निघतो. अशा माणसाला ‘चार पैसे राखून ठेव’ असे मिंबरवरून सांगणे सोपे आहे. परंतु त्याची बचत का होत नाही हे जाणून न घेता केलेला उपदेश जखमेवरचे मीठ ठरतो.

पहिले कारण उचल. मुकादमाकडून रक्कम कामाआधीच एकरकमी मिळते आणि जुने देणे, आजारपण, लेकीचे लग्न यांत संपून जाते. पुढे हंगामभर घाम गाळायचा तो कमावण्यासाठी नव्हे, फेडण्यासाठी. खाडा झाला की दंड कापला जातो. फिटले नाही तर बाकी पुढील वर्षावर चढते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, हे चांगलेच झाले. मात्र मिळण्याआधीच खर्च झालेल्या मजुरीतून शिल्लक उरणे कठीणच असते.

दुसरे कारण सुरक्षित जागेचा अभाव. फडावरच्या खोपीत पैसा ठेवणार कोठे? त्यात आपल्या जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवी अडकल्याने कष्टकऱ्यांचा विश्वासही उडाला आहे.

तिसरे कारण आपल्या हातातले आहे. जहेज, मांडव, जेवणावळी यांसाठी काढलेले कर्ज कित्येक हंगाम पुरून उरते. उधळपट्टी करणाऱ्यांना पवित्र कुरआनने शैतानाचे बंधू म्हटले आहे (बनी इस्राईल : २७). ही ताकीद आधी त्या सधन घरांसाठी आहे, ज्यांच्या थाटामाटाशी बरोबरी करताना गरीब बुडतो.

काहीजण म्हणतात, ‘रोजी देणारा अल्लाह आहे, साठवायचे कशाला?’ हा तवक्कुलचा विपर्यास होय. हजरत यूसुफ (अ.) यांनी सुकाळातील धान्य दुष्काळासाठी राखण्याचा मार्ग दाखविला. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची शिदोरी बाजूला ठेवीत, असे सहीह बुखारीत आले आहे. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारपणात आपली बहुतेक संपत्ती दान करू पाहत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना एकतृतीयांशावर थांबविले आणि वारसांना लोकांपुढे हात पसरावयास लावण्यापेक्षा सुस्थितीत सोडून जाणे उत्तम, असे समजाविले. म्हणून लेकरांसाठी मागे टाकलेले शंभर रुपये म्हणजे ईमानाची उणीव नव्हे.

मग करावे काय? उचल हाती येताच, खर्चाला हात घालण्यापूर्वी, लहानसा वाटा वेगळा काढावा. भिशी लावायची तर सर्वांनी समान रक्कम भरावी आणि जेवढे भरले तेवढेच घ्यावे. लिलावाच्या भिशीत गरजवंत कमी रक्कम उचलतो आणि कपात इतरांत वाटली जाते. ते व्याजच आहे, त्यापासून दूर राहावे. आणखी एक गोष्ट : कोयता दोघांचा, पण हिशेब बहुधा एकाच्याच नावे असतो. स्त्रियांनी जे कमावले त्यात त्यांचा वाटा आहे, असे अल्लाहने स्पष्ट सांगितले आहे (अन्-निसा : ३२). तेव्हा बहिणीच्या कष्टाचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जावेत. घरच्या आजारपणाला आणि लेकरांच्या वह्या-पुस्तकांना बहुधा तीच पैसा राखते.

उरलेली जबाबदारी जमाअतीची. मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन मजुरी बुडविणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः उभा राहील, असे हदीसमध्ये आहे. आपल्यातील मुकादमांनी, ठेकेदारांनी हे ध्यानात ठेवावे. तंगीतील कर्जदाराला मुदत द्यावी आणि माफ करणे अधिक चांगले, ही कुरआनची शिकवण आहे (अल्-बकरा : २८०). प्रत्येक मशिदीने पावसाळ्यातच कर्जे-हसनाचा निधी उभा केला, तर आजारपणासाठी मुकादमाचे दार ठोठावण्याची पाळी काही घरांवर तरी येणार नाही. बचतीची सवय उपदेशाने थोडी लागते. कर्जाचा फास सैल झाल्यावर ती पुष्कळ लागते.

अल्लाह तआला आपल्या रिज्कमध्ये बरकत देवो, कर्जाच्या ओझ्यापासून आपले रक्षण करो आणि आपल्याला एकमेकांचा आधार बनवो. आमीन.